ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या भारतीय शिक्षणतज्ज्ञ, संपादक व समाजसेविका होत्या. महाराष्ट्र व गुजरातमधील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. आज खेडोपाडी सर्वपरिचित असलेले बालवाडी व अंगणवाडी हे शब्द त्यांच्या बोर्डी व कोसबाड येथील कामातून रूढ झाले. या कामासाठी भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

ताराबाईंच्या कार्याची ओळख बहुधा बालशिक्षणाच्या इतिहासात करून दिली जाते व ते योग्यही आहे. मात्र मारझोड, धाक, उपेक्षा आणि कोवळ्या वयात लादलेले कष्ट यांपासून मुलांचे रक्षण करण्याचा एक मार्गही त्यांच्या कामातून पुढे आला. त्यांनी मुलाला घरापासून तोडून आश्रमात ठेवले नाही. त्याच्या वस्तीत जाऊन, त्याच्या आईवडिलांच्या डोळ्यांदेखत, त्याला सांभाळण्याची रीत त्यांनी बदलण्याचा प्रयत्न केला. नांदेड व लातूरसारख्या जिल्ह्यांत आज गावपातळीवर जी बालसंरक्षणाची व्यवस्था आहे, तिच्या केंद्रस्थानी अंगणवाडी सेविका असणे हा या विचाराचाच दूरचा परिणाम होय.

सुरुवातीचे जीवन

ताराबाईंचा जन्म मुंबईत प्रार्थना समाजाच्या विचारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींच्या शिक्षणाला घरातून विरोध नसणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती, आणि ताराबाईंना ती लाभली. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्या वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये ताराबाई पतीपासून वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी होती आणि उदरनिर्वाह स्वतःच करावयाचा होता.

राजकोट येथील बार्टन फिमेल ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्राचार्यपद मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत्या. पगार, मान आणि स्थैर्य या तिन्ही दृष्टींनी ही नोकरी मोठी होती. तरी आपल्या मुलीला कोणत्या शाळेत घालावे हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. त्या काळच्या शाळांत छडी, अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे हे शिकवण्याचेच भाग मानले जात. घरांतूनही बागुलबुवाची भीती घालून मुलांना जेवू घालण्याची व निजवण्याची पद्धत सर्रास होती. मुलाला मारणे हा अत्याचार आहे, अशी कल्पनाच समाजात नव्हती. ते पालकाचे कर्तव्य समजले जाई.

भावनगर

राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरात नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेली दक्षिणामूर्ती ही संस्था होती. तेथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया मॉन्टेसरी यांच्या ग्रंथांपर्यंत पोहोचले आणि वकिली सोडून बालशिक्षणात उतरले. ताराबाईंचा प्रवासही याच वाटेने झाला. १९२३ मध्ये त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी झाल्या.

दक्षिणामूर्तीच्या बालमंदिरात शिक्षा नव्हती, तसेच बक्षीसही नव्हते. मारण्याने मूल भित्रे होते, तर लालूच दाखवण्याने ते लाचार होते, असा हा दुहेरी विचार होता. यातील पहिला भाग लोकांना समजत असे, दुसरा पचत नसे. मूल स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या गतीने साधनांशी काम करील व मोठ्यांनी त्यात ढवळाढवळ करू नये, ही मॉन्टेसरी पद्धतीची मुख्य भूमिका होती. तिच्यात गिजुभाईंनी गोष्टी, गाणी, नाटुकली यांची भर घातली. ताराबाईंनी येथे सुमारे दशकभर काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक प्रथम गुजरातीत निघत असे. १९३३ पासून त्याची मराठी आवृत्ती ताराबाईंच्या संपादकत्वाखाली सुरू झाली.

या मासिकाचा रोख शिक्षकांइतकाच पालकांवर होता. मुलांशी होणारी हिंसा प्रामुख्याने घरात होते आणि ती करणारी माणसे दुष्ट नसतात, तर अजाण असतात, असे गृहीत धरूनच पालकशिक्षणाचा हा खटाटोप उभा राहिला. ताराबाईंच्या पुस्तकांची नावेही तेच सुचवतात: ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’, ‘बिचारी बालके’. हट्ट म्हणजे मुलाचा गुन्हा नव्हे आणि शिस्त म्हणजे धाक नव्हे, हे मराठी मध्यमवर्गाला समजावून सांगण्यात त्यांची बरीच वर्षे गेली. ‘नदीची गोष्ट’ व ‘सवाई विक्रम’ ही त्यांची अन्य पुस्तके होत.

शिशुविहार

मुंबईस परतल्यावर ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार ही संस्था सुरू केली. तेथे बालमंदिराबरोबर शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही होते. शिशुविहाराचा लौकिक झपाट्याने वाढला. तथापि तेथे येणारी मुले सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी घरांतली होती. मॉन्टेसरी साधने महाग असत. ती घेऊ शकणाऱ्या आणि शिक्षिकेचा पगार देऊ शकणाऱ्या पालकांपुरतीच ही पद्धत राहते, ही टीका त्या काळी होत होती व ती खोटी नव्हती.

याच सुमारास मुंबई इलाख्यात मुलांच्या संरक्षणाची एक सरकारी यंत्रणाही आकार घेत होती. १९२४ च्या मुंबई बाल अधिनियमाने निराधार, छळ झालेल्या व गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी न्यायालय व निवासगृहांची तरतूद केली होती. बालविवाहाविरुद्ध १९२९ चा शारदा कायदा आला होता. त्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ व मुलाचे १८ ठरवले. हे दोन्ही कायदे महत्त्वाचे होते. परंतु पहिला कायदा मुलाचे नुकसान होऊन गेल्यावर हाती येई आणि दुसरा गावात पोहोचतच नसे. शिवाय हे ब्रिटिश हिंदुस्थानाचे कायदे होते. नांदेड व लातूर ज्यात मोडत ते निजामाचे हैदराबाद संस्थान त्यांच्या कक्षेबाहेर होते. कायदा आणि घर यांच्यामधली ही मोकळी जागा कोणी भरावयाची, हा प्रश्न शिल्लकच होता.

महात्मा गांधींच्या नई तालीम योजनेत १९४५ पासून सात वर्षांखालील मुलांच्या शिक्षणाचा, म्हणजे पूर्वबुनियादीचा, समावेश झाला. बालशिक्षण खेड्यात न्यावयाचे तर ते स्वस्त आणि तेथल्या मातीतले असले पाहिजे, हा आग्रह ताराबाईंना पटला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहरातली जमलेली संस्था मागे ठेवून, त्यांनी ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर) डहाणू तालुक्यातील बोर्डी हे समुद्रकाठचे गाव निवडले. १९४५ च्या अखेरीस तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. पण त्यांचे लक्ष बोर्डीतच राहिले.

बोर्डी आणि अंगणातली बालवाडी

बोर्डी परिसरात आचार्य भिसे यांच्यासारखे कार्यकर्ते आधीपासून आदिवासींमध्ये काम करीत होते. त्यामुळे ताराबाईंना अगदी अनोळखी गावात पाय रोवावे लागले नाहीत. मात्र त्या ज्या वर्षी तेथे गेल्या ते वर्ष साधे नव्हते. डहाणू, तलासरी, उंबरगाव भागांतील वारली समाज जमीनदार व सावकारांच्या वेठबिगारीत पिढ्यान्‌पिढ्या अडकला होता. लग्नासाठी कर्ज काढावे आणि त्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी राबावे, अशी लग्नगडी नावाची प्रथा होती. आईबाप गडी झाले की मुलेही सावकाराच्या गुरांमागे जात. १९४५ मध्ये किसान सभेच्या शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या गुलामीविरुद्ध उठाव केला आणि त्यात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मारली गेली. ताराबाईंचा मार्ग या लढ्याचा नव्हता. त्या रचनात्मक कामाच्या परंपरेतल्या होत्या, आणि या दोन मार्गांत तेव्हा फारसे सख्यही नव्हते. तरीही वेठ संपल्याखेरीज मूल बालवाडीत येणे शक्य नव्हते, हे लक्षात घेतले तर उठावाने केलेल्या कामाचा लाभ बालवाडीलाही झाला, असे म्हणावे लागते.

बोर्डीत ताराबाईंना अनुताई वाघ (१९१०–१९९२) या सहकारी मिळाल्या. अनुताईंचा विवाह वयाच्या तेराव्या वर्षी झाला होता आणि सहाच महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. ज्या अन्यायाविरुद्ध शारदा कायदा झाला, तो त्यांच्या स्वतःच्या वाट्याला येऊन गेला होता. शिक्षण पूर्ण करून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी ताराबाईंबरोबर काम सुरू केले आणि ताराबाईंच्या पश्चातही ते अखेरपर्यंत चालवले.

पहिली बालवाडी गावाच्या मध्यवस्तीत भरत असे. तिच्यात मध्यवस्तीतलीच मुले येत. दलित वस्तीतली आणि पाड्यांवरची मुले फिरकत नसत. त्याची कारणे उघड होती. अंतर होते, अंगावर धड कपडे नव्हते, कडेवर लहान भावंड होते, आणि मध्यवस्तीत पाऊल टाकण्याचा संकोच पिढ्यांचा होता. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे, असा निष्कर्ष ताराबाईंनी काढला. शिक्षिका सकाळी वस्तीवर जाऊ लागली. कोणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडून तेथेच मुले गोळा केली जात. अशा रीतीने मध्यवर्ती बालवाडी आणि अंगण बालवाडी असे दोन प्रकार निर्माण झाले. यातील दुसऱ्याचेच पुढे अंगणवाडी हे नाव झाले.

अंगणात बालवाडी भरवण्याचा खरा फायदा मात्र अंतर वाचण्याहून मोठा होता. शिक्षिका मुलांचे हातपाय धुई, नखे काढी, केस विंचरी, खरूज-गजकर्णाला औषध लावी. मग गाणी, गोष्टी, खेळ होत. हे सर्व झोपडीच्या दारात चाले. दारात उभी असलेली आई, ओटीवर बसलेली आजी, कामावर निघालेला बाप हे सारे ते पाहत. मुलाला न ओरडता, न मारता त्याच्याकडून हवे ते करून घेता येते हे त्यांना कोणी व्याख्यानातून सांगत नव्हते. ते रोज समोर घडत होते. चार भिंतींच्या शाळेत हे पालकशिक्षण शक्य नसते. त्याच वेळी शिक्षिकेलाही घरातले वास्तव दिसे. कोणते मूल उपाशी आहे, कोणाच्या अंगावर वळ आहेत, कोण चार दिवस दिसले नाही, हे तिला विचारावे लागत नसे.

साधनांच्या बाबतीतही बदल झाला. मॉन्टेसरींच्या लाकडी ठोकळ्यांची व मण्यांची जागा शिंपल्या, गारगोट्या, चिंचोके, पाने, बिया आणि माती यांनी घेतली. गणित व रंगओळख यांसाठी समुद्रकाठाइतके स्वस्त दुकान दुसरे नव्हते. मॉन्टेसरी पद्धतीच्या कट्टर पुरस्कर्त्यांना ही मोडतोड वाटे. ताराबाईंनी या वादात फार वेळ दवडला नाही.

कोसबाड

१९५६ मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर हलवण्यात आले. येथे काम पूर्णपणे आदिवासी मुलांत होते आणि बोर्डीच्या अनुभवाची कसोटी लागली. पाड्यावरची सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, याचे उत्तर बहुधा तिच्या कडेवर असे. आई मजुरीला गेली की तान्हे भावंड तिच्याकडे. मुलगे गुरे घेऊन रानात. अशा मुलांसाठी वेगवेगळ्या शाळा उघडून उपयोग नव्हता. एकाच मुलाची अडचण दुसऱ्या मुलात गुंतलेली होती.

यावर विकासवाडी हा उपाय काढण्यात आला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात असत. मुलगी भावंडाला घेऊनच येई, त्याला पाळणाघरात ठेवी, मधले भावंड बालवाडीत जाई आणि ती स्वतः वर्गात बसे. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढण्यात आली. गुरे चरत असताना शिक्षक कुरणावरच शिकवी. मूल शाळेच्या वेळापत्रकात बसत नसेल तर वेळापत्रक बदलावे, हा सरळ व्यवहार त्यामागे होता. बालमजुरीचा प्रश्न कुरणशाळेने सुटला असे म्हणता येणार नाही. गुरे राखणे चालूच राहिले, आणि कामाशी अशी तडजोड केल्याने ते काम मान्य केल्यासारखे होते, हा आक्षेप घेता येतो. तथापि अक्षरओळखीलाही मुकणाऱ्या मुलापर्यंत कोणी तरी मोठे माणूस रोज पोहोचत होते, ही गोष्ट लहान नव्हती.

त्या काळच्या बालशिक्षणाच्या चर्चेत मुलांच्या लैंगिक शोषणाचा विषय उघडपणे येत नसे. अत्याचार म्हणजे मार, भूक, कष्ट आणि अकाली लग्न, इतकीच त्याची ओळख होती. ताराबाईंच्या कामालाही ही काळाची मर्यादा आहे.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी कोसबाडच्या कामात घालवली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. रत्नाकर मतकरी यांचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक त्यांच्या जीवनावर आधारित आहे.

अंगणवाडीचा विस्तार

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. प्रारंभी देशभरात ३३ प्रकल्प होते. योजनेच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हे नाव देण्यात आले व ते सर्व भाषांत तसेच चालू राहिले. नावाबरोबर मूळ कल्पना मात्र पूर्णपणे गेली नाही. सरकारी अंगणवाडीत पूरक आहार, लसीकरण, वजन आणि नोंदवह्या यांना अग्रक्रम मिळाला. गाणी-गोष्टी व पालकांशी रोजचा संबंध हे अनेक ठिकाणी मागे पडले. अंगणातून ती पुन्हा खोलीत गेली. सेविकेला पगार नव्हे तर मानधन मिळते, आणि तिच्यावरील कामांची यादी मात्र दरवर्षी वाढते, ही तक्रार जुनी आहे.

या यादीतच बालसंरक्षणाचे काम येते. महाराष्ट्रात गावोगावी ग्राम बालसंरक्षण समित्या नेमण्याची तरतूद आहे. सरपंच समितीचे अध्यक्ष असतात आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. बालविवाह प्रतिबंधाच्या राज्य नियमांनुसार ग्रामीण भागात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असून अंगणवाडी सेविका त्याची साहाय्यक आहे. संकटातील मुलासाठीचा १०९८ हा क्रमांक आणि जिल्हा बालसंरक्षण कक्ष यांच्याशी गाव जोडून देणारी व्यक्तीही बहुधा तीच असते.

नांदेड व लातूर

ताराबाईंच्या हयातीत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. नांदेडसह सारा मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे बोर्डी-दादरची बालशिक्षण चळवळ येथे उशिरा व मुख्यतः सरकारी अंगणवाडीच्या रूपाने आली.

या दोन जिल्ह्यांतील बालकांचा प्रश्न कोसबाडच्या प्रश्नाशी विलक्षण मिळताजुळता आहे. नांदेडमधील कंधार, मुखेड, लोहा आणि लातूरमधील जळकोट, अहमदपूर या कोरडवाहू भागांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला जातात व गाळप हंगाम संपल्यावर परततात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती नवरा-बायकोच्या जोडीवर. या जोडीलाच एक कोयता म्हणतात. अविवाहित मुलाला पूर्ण उचल मिळत नाही. वयात येणारी मुलगी मागे ठेवावी तर भीती, बरोबर फडावर न्यावी तरी भीती, म्हणून तिचे लग्न उरकले जाते. डहाणूत लग्नासाठी कर्ज आणि कर्जासाठी वेठ होती. येथे उचल मिळावी म्हणून लग्न होते. मुलांच्या वाट्याला येणारे फळ मात्र तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. मराठवाड्यातील बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून अधिक आहे.

येथे अंगणवाडी सेविकेची जागा नाजूक असते. ती त्याच गावची सून किंवा लेक. बालविवाहाची खबर तिला सर्वांत आधी लागते, कारण मुलीला तिने लहानपणी मांडीवर घेतलेले असते आणि घरी तिचे जाणेयेणे असते. पण तक्रार केली तर भावकीचा रोष तिलाच सोसावा लागतो. कायद्याने तिच्यावर टाकलेली जबाबदारी आणि गावात तिला रोज काढावयाचे दिवस यांतील ओढाताण समितीच्या कागदांत दिसत नाही. जेथे सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक आणि बचत गटातल्या बाया तिच्यामागे उभ्या राहतात तेथे लग्न थांबवता येते व मुलगी शाळेत राहते. जेथे समिती फलकापुरती असते तेथे ती एकटी पडते.

शाळकरी मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. सहा वर्षांखालील मुले मात्र आईबरोबर फडावरच जातात. त्यांचा आहार व लसीकरण स्थलांतराच्या ठिकाणच्या अंगणवाडीत चालू राहावे यासाठी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने मायग्रेशन ट्रॅकिंग सिस्टीम हे ॲप सुरू केले आहे. त्यात कुटुंब गाव सोडताना नोंद करावयाची असते ती गावातल्या सेविकेने, आणि उसाच्या फडाजवळच्या कोप्यांवर जाऊन ते मूल शोधावयाचे असते ती तिथल्या सेविकेने.